नागिणीची लस आणि डिमेन्शिया: वेल्समध्ये एका जन्मतारखेमुळे काय कळलं

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस सरकारी खर्चाने द्यायला सुरुवात झाली. तेव्हा लशीचा साठा मर्यादित होता, आणि ऐंशीच्या पुढच्या लोकांना तिचा फायदा कमी होतो असा हिशोब होता, म्हणून नियम असा केला की ज्यांचा जन्म २ सप्टेंबर १९३३ला किंवा त्यानंतर झालाय त्यांनाच टप्प्याटप्प्याने लस मिळेल आणि त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन आज्या घ्या, एकीचा जन्म १ सप्टेंबरचा आणि दुसरीचा २ सप्टेंबरचा, तर पहिलीला आयुष्यभर नकार आणि दुसरीला लस, फक्त एका दिवसामुळे. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा मेंदूचा विषयच नव्हता, लस होती अंगावरच्या फोडांसाठी आणि त्यानंतरच्या दुखण्यासाठी. पण या एका तारखेमुळे, कोणी न ठरवता, लाखो लोकांवरचा एक प्रयोगच तयार झाला, आणि त्याचा निकाल एप्रिल २०२५ मध्ये नेचर या सायन्सच्या साप्ताहिकात आला: लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, साधारण एक पंचमांशाने कमी.

मला हे गेल्या काही वर्षांतलं मेंदूबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन वाटतं आणि मराठीत याबद्दल फारच कमी बोललं गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आपल्याकडे डिमेन्शिया म्हटलं की "वय झालं, आता विसरणारच" असं म्हणून विषय संपतो, पण २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सात जणांहून जास्त. ज्या घरात आई स्वतःच्या मुलाला "तुम्ही कोण?" असं विचारते त्या घराला माहितीये की हे नुसतं विसरणं नसतं. बरं करणारं औषध नाही. अल्झायमरवर, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारावर, जी नवी इंजेक्शनं निघालीत ती भयंकर महाग, आणि आजार फक्त थोडा हळू करतात. अशा वेळी एखादी आधीच वापरात असलेली लस हा आजार टाळते किंवा पुढे ढकलते असं दिसत असेल तर ते नीट समजून घेतलंच पाहिजे.

आधी नागीण म्हणजे काय ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. लहानपणी कांजिण्या होतात ना, ज्यात पूर्वी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचे आणि पोराला आठवडाभर वेगळं झोपवायचे, त्याचाच हा व्हायरस. कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडतात, पण व्हायरस शरीरातून जात नाही. तो नसांमधून आत सरकतो आणि पाठीच्या कण्याच्या शेजारी, तसंच डोक्यातल्या नसांच्या मुळाशी, मज्जापेशींचे जे छोटे छोटे पुंजके असतात तिथे जाऊन गप्प बसतो. पन्नास पन्नास वर्षं. आपली इम्युनिटी, खास करून टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी, त्याला डोकं वर काढू देत नाहीत. मग वय वाढतं, टी पेशींचा जोर कमी होतो, किंवा कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असते किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतात, आणि व्हायरस जागा होतो, त्याच नसेतून परत बाहेर त्वचेकडे येतो आणि ती नस त्वचेच्या जेवढ्या पट्ट्याला जाते तेवढ्या पट्ट्यावर आग होणारे फोड येतात. हीच नागीण.

हे कोडं सुटायलाही वेळ लागला. एडगर होप-सिम्पसन नावाचे इंग्लंडमधले एक साधे फॅमिली डॉक्टर होते, सायरनसेस्टर गावात प्रॅक्टिस करायचे. त्यांनी आपल्या पेशंटांमधल्या नागिणीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, शिवाय शेटलंडमधल्या येल नावाच्या छोट्या बेटावर जाऊन तपास केला कारण तिथे वस्ती कमी, कोणाला कधी काय झालं ते शोधता येतं, आणि १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून लागत नाही, ती आतल्याच जुन्या कांजिण्यांची आहे. गावातल्या दवाखान्यात बसून केलेलं काम, आणि आज सगळं जग तेच मानतं.

आपल्याकडची ती भीती सगळ्यांनी ऐकली असेल, की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, विळखा पूर्ण झाला, की माणूस दगावतो. यात घाबरण्यासारखं काही नाही आणि त्याचं कारण वरच आलंय. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूला जाते, डावीची डावीकडे आणि उजवीची उजवीकडे, म्हणून फोडांचा पट्टा जवळजवळ नेहमीच छातीच्या किंवा पाठीच्या मधोमध येऊन थांबतो. ज्यांची इम्युनिटी फारच खालावलेली असते त्यांना कधीकधी अंगभर फोड येतात आणि ते गंभीर असतं, पण ते विळख्यामुळे नाही, इम्युनिटीमुळे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नागिणीची लस घेतलेल्यांना डिमेन्शिया कमी होतो असं सांगणारे अभ्यास आधीही बरेच आले होते पण त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नव्हता आणि तो ठेवू नये हेच बरोबर होतं. का, तर जो माणूस स्वतःहून जाऊन लस घेतो तो मुळातच वेगळा असतो. तो चालायला जातो, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतो, शिकलेला असतो, घरात विचारणारं कोणीतरी असतं. आणि ज्याच्या मेंदूत आजार आधीच हळूहळू सुरू झालाय तो लशीची अपॉइंटमेंटच विसरतो. मग लस घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया कमी दिसणारच, त्यात लशीचं श्रेय किती आणि त्या माणसाच्या सवयींचं किती हे कसं वेगळं करणार? पेपरात रोज "अमुक खाल्ल्याने तमुक आजार टळतो" असं येतं त्यातल्या बहुतेकांचा घोळ हाच असतो.

वेल्सच्या तारखेने हा घोळ सोडवला. २ सप्टेंबर १९३३च्या एक आठवडा आधी जन्मलेले आणि एक आठवडा नंतर जन्मलेले लोक यांच्यात काय फरक असणार? शिक्षण तेच, सवयी त्याच, आजार तेच, वय जवळजवळ तेच. पण आधीच्यांमध्ये लस घेतलेले जवळपास शून्य आणि नंतरच्यांमध्ये एकदम ४७ टक्के. म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तसेच गट पडले. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या पास्कल गेल्डसेट्झर आणि त्यांच्या टीमने वेल्समधल्या २ लाख ८० हजारांहून जास्त म्हाताऱ्या लोकांचे आरोग्याचे रेकॉर्ड घेतले आणि सात वर्षांत कोणाला डिमेन्शियाचं निदान झालं ते पाहिलं. लस खरोखर घेतलेल्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ३.५ टक्के पॉइंटने कमी आलं, म्हणजे ढोबळ भाषेत शंभर जणांत लशीशिवाय सतरा-अठरा जणांना झाला असता तिथे चौदाच्या आसपास जणांना झाला. मग त्यांनी तपासून पाहिलं की या तारखेच्या दोन्ही बाजूंना बाकी आजारांत काही फरक पडतो का, त्याच तारखेपासून दुसरी कुठली सरकारी योजना सुरू झाली होती का, लोक इतर लशी किंवा औषधं जास्त घ्यायला लागले का. तसं काही सापडलं नाही. फरक नागिणीत आणि डिमेन्शियात, बाकी सगळं सारखं.

एका देशात एकदा दिसलं म्हणून मी इतकं लिहिलं नसतं. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१६ मध्ये अशीच योजना सुरू झाली, तिथे सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या लोकांना लस फुकट आणि ऐंशी पूर्ण झालेल्यांना नाही, म्हणजे पुन्हा जन्मतारखेची रेघ. त्याच टीमने तिथल्या एक लाखाहून जास्त लोकांचे रेकॉर्ड तपासले आणि पुन्हा तेच: साडेसात वर्षांच्या आत १.८ टक्के पॉइंटचा फरक, तोही नुसती लस मिळण्याचा हक्क होता एवढ्यावरच, घेतली की नाही ते बाजूलाच. वेगळा देश, वेगळी आरोग्य व्यवस्था, तरी निकालाची दिशा एकच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वेल्स आणि ऑस्ट्रेलियातली लस जुनी, झोस्टाव्हॅक्स, त्यात जिवंत पण अशक्त केलेला व्हायरस असायचा. ती नागीण अर्धीच टाळायची आणि आता तिथे वापरात नाही. आता मिळते ती शिंग्रिक्स, तिच्यात व्हायरस नाहीच, फक्त त्याचं एक प्रोटीन आणि इम्युनिटीला जागं करणारा एएस०१ नावाचा पदार्थ. ही पन्नाशीच्या पुढे नागीण नव्वद टक्क्यांहून जास्त टाळते. मग हिचा डिमेन्शियावर परिणाम आहे का? ऑक्सफर्डच्या मॅक्सिम टाके आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांवर लोकांचे रेकॉर्ड पाहिले. अमेरिकेत २०१७च्या शेवटी जुन्या लशीवरून नव्या लशीवर अगदी झटक्यात बदल झाला, म्हणून बदलाच्या आधी लस घेतलेले आणि नंतर घेतलेले असे दोन गट सरळ तुलना करता आले. नव्या लशीच्या गटात डिमेन्शियाशिवायचा काळ १७ टक्क्यांनी जास्त निघाला, ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांच्यासाठी हे साधारण १६४ दिवस. कोणी म्हणेल पाच महिन्यांनी काय होतंय, पण ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांना विचारा की ओळख असलेले पाच महिने म्हणजे काय असतात. आणि लक्षात घ्या, ही तुलना लस न घेतलेल्यांशी नाही, जुनी लस घेतलेल्यांशी आहे.

या तीन अभ्यासांपैकी वेल्सच्या आणि अमेरिकेच्या अभ्यासात फायदा बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसला. बायकांना नागीणही जास्त होते आणि लशींना त्यांची इम्युनिटी उत्तरही जोरात देते, पण नेमकं कारण यातलं कुठलं हे अजून शोधतायत.

बरं, अंगावरच्या फोडांचा आणि आठवणींचा संबंध काय? इथे सायन्स अजून उघडं आहे, आणि तीन वाटा दिसतात. पहिली अशी की व्हायरस पूर्ण नागीण न होताही अधूनमधून थोडा थोडा जागा होत असतो, आपल्याला कळतही नाही, आणि प्रत्येक वेळी नसांच्या आसपास सूज येते. वर्षानुवर्षं ही बारीक सूज चालू राहिली तर मेंदूला ती बाधते, आणि लस व्हायरसला दाबून ही सूज थांबवते. याच वाटेवर टफ्ट्स युनिव्हर्सिटीचं २०२२चं एक काम आहे, ते मला फार बोलकं वाटतं. त्यांनी लॅबमध्ये मेंदूच्या पेशींचे छोटे तुकडे वाढवले, त्यातल्या काहींमध्ये ओठावर तापाचे फोड येतात ना, त्या हर्पिसचा व्हायरस झोपलेल्या अवस्थेत ठेवला आणि मग त्यात कांजिण्यांचा व्हायरस सोडला. कांजिण्यांच्या व्हायरसने एकट्याने अल्झायमरसारखे बदल केले नाहीत, पण त्याने झोपलेल्या हर्पिसला उठवलं आणि मग मात्र अमिलॉइड आणि टाउ ही अल्झायमरमधली दोन्ही प्रोटीनं साठायला लागली. दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. नागीण झाल्यावर काही महिने स्ट्रोकचा धोका वाढतो हे पक्कं माहिती आहे, खास करून डोळ्याजवळची नागीण असेल तर, कारण हा व्हायरस मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत शिरू शकतो. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणं हे डिमेन्शियाचं मोठं कारण आहेच. तिसरी वाट अशी की व्हायरसचा संबंध कमी आणि लशीने इम्युनिटीला एकूणच जे वळण लावलं त्याचा जास्त. या बाजूने एक पुरावा आहे, ऑक्सफर्डच्याच टीमला २०२५ मध्ये दिसलं की आरएसव्ही या फुप्फुसाच्या व्हायरसची जी लस त्याच एएस०१ वर बनलीय ती घेतलेल्यांमध्येही डिमेन्शियाची निदानं कमी होती, आणि आरएसव्हीचा तर नसांत लपून बसण्याशी काही संबंध नाही. माझं मत विचाराल तर एकच वाट खरी निघेल असं वाटत नाही, जुनी लस आणि नवी लस आतून इतक्या वेगळ्या असून दोघींचा परिणाम दिसतो म्हणजे व्हायरस दाबला जाण्यात काहीतरी आहेच.

व्हायरसची लागण होऊन कैक वर्षांनी मेंदूत काहीतरी उगवतं ही कल्पना काही नवीन नाही. गोवर झालेल्या काही मुलांना सात-आठ-दहा वर्षांनी एसएसपीई नावाचा मेंदूचा जीवघेणा आजार होतो, आपल्या देशात न्यूरॉलॉजिस्ट तो आजही बघतात, आणि गोवरची लस घेतली तर तो टळतो. मॅंचेस्टरच्या रूथ इट्झाकी तर १९९० च्या दशकापासून सांगत होत्या की म्हाताऱ्या मेंदूंत हर्पिसचा व्हायरस सापडतो आणि त्याचा अल्झायमरशी संबंध आहे, वर्षानुवर्षं त्यांना फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग जानेवारी २०२२ मध्ये हार्वर्डच्या टीमने दाखवलं की अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त तरुणांच्या नोंदी आणि साठवलेली रक्ताची सॅम्पल बघितली तर एपस्टाइन-बार या अगदी सर्रास होणाऱ्या व्हायरसची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचा धोका ३२ पट होतो, आणि त्याच पद्धतीने पसरणाऱ्या दुसऱ्या व्हायरसने तसा वाढत नाही. कोविडचंही आहे, ब्रिटनमध्ये ७८५ लोकांचे मेंदूचे स्कॅन कोविडच्या आधी आणि नंतर असे दोनदा काढलेले होते, ज्यांना मधे कोविड होऊन गेला त्यांच्यात वासाशी जोडलेल्या भागांत जास्त झीज दिसली, आणि त्यातल्या बहुतेकांना कोविड सौम्यच झाला होता. पण त्यांच्यापैकी कोणाला पुढे डिमेन्शिया होईल असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही, वर्षं फार कमी झालीत.

आणि याच्या उलट बाजूचा निकालही सांगतो, तो लपवून चालणार नाही. व्हायरसच कारण असेल तर व्हायरसचं औषध देऊन अल्झायमर थांबायला हवा ना? कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या दवांगेरे देवानंद यांनी हे खरंच करून पाहिलं, सुरुवातीचा अल्झायमर आणि हर्पिसच्या लागणीच्या खुणा असलेल्या १२० जणांना दीड वर्ष व्हॅलासायक्लोव्हिर किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. २०२५ मध्ये निकाल आला, औषधाचा फायदा झाला नाही. आजार एकदा बसल्यावर व्हायरस मारून उपयोग नसेल, किंवा हर्पिसचा वाटाच छोटा असेल, दोन्ही शक्य आहे. म्हणून कोणी तुम्हाला "अल्झायमर म्हणजे इन्फेक्शन, या गोळ्या घ्या" असं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका.

लशीच्या बाबतीतही अजून एक पायरी बाकी आहे. मुद्दाम दोन गट पाडून, एकाला लस आणि दुसऱ्याला नुसतं पाणी टोचून, डिमेन्शियासाठी म्हणून केलेली ट्रायल झालेली नाही. वेल्समधले लोक ऐंशीच्या आसपासचे होते, पन्नाशीत घेतल्याने तीस वर्षांनी काय होतं ते या आकड्यांतून कळत नाही. त्यामुळे डिमेन्शिया टाळायचा म्हणून लस घ्या असं मी म्हणणार नाही. नागीण टाळायची म्हणून जरूर विचार करा, ते कारण स्वतःच पुरेसं आहे, ज्याने नागिणीनंतर महिनोन्महिने राहणारी ती आग आणि शॉक बसल्यासारखं दुखणं पाहिलंय, अंगाला सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही असं माणूस पाहिलंय, त्याला हे वेगळं पटवायला नको. मेंदूचा फायदा झाला तर तो वरचा.

शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही आणि खर्च खिशाला जाणवेल इतका आहे, हे मला खरंच खटकतं कारण आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक सगळ्यांच्या अंगात हा व्हायरस आधीच बसलेला आहे. टोचल्यावर एक-दोन दिवस हात दुखतो, अंग मोडून येतं, थोडा ताप येतो, त्याला घाबरून दुसरा डोस सोडू नका. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, अमेरिकेत पन्नाशीनंतर सगळ्यांना ही लस घ्यायला सांगतात आणि ब्रिटनमध्ये ठरावीक वयाच्या लोकांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, म्हणजे तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी स्वतःसाठी विचारायला हरकत नाही.

आणि लस घेतली नसेल आणि नागीण झालीच, तर फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे पोचा. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या तेवढ्या वेळात सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त काम करतात. दूर्वा-तांदळाचा लेप लावायचा, कोणाकडून तरी नागीण उतरवून घ्यायची, यात पहिले तीन दिवस जातात आणि नेमके तेच तीन दिवस महत्त्वाचे असतात. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर मात्र ७२ तासांचाही हिशोब करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, कारण तीच नस डोळ्यात जाते.